चावडीवरची आकाशवाणी

॥ राम कृष्ण हरी ॥



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून ही स्मरणिका निघत आहे. समितीच्या मंडळींनी आज्ञा केली की, महाराज, या शंभर वर्षांत आपल्या बदनापूरच्या पंचक्रोशीत जे बदल झाले त्यातल्या एखाद्या गोष्टीचा इतिहास तुम्ही लिहा. विहिरी, रस्ते, रेल्वे, शाळा यांवर लिहिणारी शिकलेली माणसं आहेत. आमचं शिक्षण चौथी. बहात्तरच्या दुष्काळात शाळा सुटली ती सुटलीच. त्यापुढं जे चार शब्द कानावर पडले ते दोन ठिकाणी पडले. एक कीर्तनाच्या फडावर आणि दुसरं रेडिओसमोर. कीर्तनावर या अंकात पुष्कळ आहे. म्हणून आम्ही रेडिओचं सांगतो. पहाटे सुरू झालेला तो डबा रात्री बंद होईपर्यंत काय काय द्यायचा, कोणाला द्यायचा आणि त्यानं गावाला काय लागलं, हे दिवसाच्या क्रमानं सांगू. आधी थोडं मागचं.

दिंडीचं वय आणि रेडिओचं वय

आपली दिंडी आणि या देशातला रेडिओ जवळपास एका वयाचे. 23 जुलै 1927 रोजी मुंबईत व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते रेडिओचं पहिलं रीतसर केंद्र सुरू झालं. ती खाजगी कंपनी होती. तीन वर्षांत ती बुडाली आणि 1930 साली कारभार सरकारनं हातात घेतला. 8 जून 1936 ला त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. आकाशवाणी हे नाव म्हैसूरकडचं. तिथं एका प्राध्यापकानं, गोपालस्वामी त्यांचं नाव, 1935 साली स्वतःच्या घरातून रेडिओ चालवला आणि त्याला हे नाव दिलं. पुढं सगळ्या देशानं ते घेतलं.

वारकऱ्याला हे नाव नवं नाही. देवकीच्या वरातीत कंसानं ऐकली ती आकाशवाणीच. बोलणारा दिसत नाही, शब्द मात्र कानावर येतो. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं रेडिओला हात जोडायची त्याचं कारण हेच होतं.

पण मुंबईचा रेडिओ तो इंग्रजी मुलखातला. आपण तव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. हैदराबादला डेक्कन रेडिओ होता, 1935 पासूनचा. औरंगाबादलाही संस्थानाचं छोटं केंद्र होतं. भाषा बहुतेक उर्दू. गावातल्या कुणब्याला त्यातलं किती कळणार, आणि डबा तरी कोणाकडं? एखादा देशमुख, एखादा सरकारी अंमलदार, एखादा वकील. बाकीच्यांनी रेडिओ पाहिलासुद्धा नव्हता.

14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री पंडित नेहरूंचं भाषण देशानं रेडिओवर ऐकलं. आपल्याला मात्र तेरा महिने थांबावं लागलं. 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबरला खुद्द निजामानं हैदराबादच्या रेडिओवरून हार कबूल केली. ती बातमी कोणी एकानं कुठंतरी डब्यावर ऐकली, दुसऱ्याला सांगितली, त्यानं तिसऱ्याला. खेड्यापाड्यांत मराठवाड्याची मुक्ती अशी तोंडोतोंडी पोहोचली. म्हणजे रेडिओ गावात येण्याच्या आधी रेडिओवरची बातमी गावात आली.

1 एप्रिल 1950 ला हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रं भारत सरकारकडं आली. पण औरंगाबादचं केंद्र काही वर्षांतच बंद पडलं. मराठवाड्याला स्वतःचा आवाज मिळाला तो 1968 साली परभणीचं केंद्र सुरू झालं तव्हा. पुढं सत्तरीच्या दशकात औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पुन्हा केंद्र झालं. तोवर आपण पुण्या-मुंबईचे पाहुणे. पुण्याचं केंद्र 2 ऑक्टोबर 1953 चं.

डबा गावात आला

गावोगाव सरकारनं सार्वजनिक रेडिओ दिले. ग्रामपंचायतीत किंवा चावडीत डबा, बाहेर कर्णा. लाईट नव्हती, म्हणून बॅटरी. बॅटरी उतरली की आठ-आठ दिवस डबा मुका. मग ट्रान्झिस्टर आले, सेलवर चालणारे, चामड्याच्या पिशवीतले, खांद्याला अडकवून शेतात नेता येणारे. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, अजून दोन दिवस निघायचे. रेडिओ बाळगायला टपाल कचेरीत जाऊन वर्षाचं लायसन्स काढावं लागायचं. त्याचं पुस्तक असायचं, त्यावर तिकिटं लावायचे. हे लायसन्स ऐंशीच्या दशकात गेलं. लग्नात नवरदेव घड्याळ, सायकल आणि रेडिओ मागायचा. रेडिओपायी रुसलेले जावई आणि रेडिओपायी कर्ज काढलेले सासरे आम्ही पाहिलेत. चांगल्या वस्तूचीसुद्धा माणूस अशी गत करतो.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे, ती झाकून इतिहास पुरा होत नाही. चावडीच्या वट्ट्यावर कोणी बसायचं, खाली कोणी उभं राहायचं आणि लांब निंबाखाली कोणी थांबायचं, हे गावानं आधीच ठरवलेलं होतं. कर्णा बोलायला लागला की त्याला हा नियम ठाऊक नव्हता. वट्ट्यावरच्याला जेवढं ऐकू यायचं तेवढंच निंबाखालच्याला. पाटलाला वेगळी बातमी आणि महारवाड्याला वेगळी, असं नव्हतं. वाळवंटात संतांनी जे केलं ते चावडीनं मनापासून केलं नव्हतं, पण कर्ण्यानं रोज संध्याकाळी कानापुरतं तरी ते करून दाखवलं.

पहाट

रेडिओचा दिवस पहाटे सहाच्या आसपास सुरू व्हायचा. आधी ती ओळखीची सुरावट. व्हायोलिनवर शांत सूर, खाली तंबोरा. गाय दोहायला बसलेला माणूस त्या सुरावर धार धरायचा. ही सुरावट बसवली वॉल्टर कॉफमन नावाच्या माणसानं. तो तिकडं युरोपातला, ज्यू समाजाचा. हिटलरचं संकट वाढत चाललं म्हणून 1934 साली तो मुंबईला आला आणि मुंबईच्या रेडिओत संगीताचं काम पाहू लागला. सूर शिवरंजनीचे, व्हायोलिन वाजवलं मेहली मेहता या पारशी वादकानं. घरदार सोडून आलेल्या परक्या माणसाचा सूर भारतातल्या कोट्यवधी घरांत पहाटेचा सूर झाला. आमच्या आईला हे काही माहीत नव्हतं. ती म्हणायची, देवळाची घंटा आणि रेडिओचा सूर, दोन्ही ऐकल्याबिगर उजाडत नाही.

मग वंदे मातरम्. मग मंगलध्वनी, बहुतेक बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई. काशीतल्या मुसलमान वादकाच्या सनईनं आपल्या मराठवाड्यातल्या सड्या-रांगोळ्या व्हायच्या आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्याच्यामागं भक्तिगीतं. पंडित भीमसेन जोशी कर्नाटकातल्या गदगचे, पण संतांचे अभंग त्यांच्या गळ्यातून आले की जात्यावरची बाई जातं थांबवायची. आमच्या पिढीच्या कीर्तनकारांनी चाली फडावर उचलल्या तशा या भक्तिगीतांतूनही उचलल्या, हे मान्य केलं पाहिजे.

1974 पासून सकाळी संस्कृतच्या बातम्या सुरू झाल्या. आम्हाला संस्कृत येत नाही. पण हरिपाठ, गीता, ज्ञानेश्वरी कानावर असल्यामुळं चार शब्दांत एक ओळखीचा निघायचा. तेवढ्यावर बातमी जुळवायची, आणि मग मराठी बातम्यांत ताडून पाहायची. बिनपैशाची शाळा होती.

सकाळ

सकाळी सात वाजता गावात बोलणं बंद व्हायचं. पुण्याहून प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज ज्यानं ऐकला तो विसरणार नाही. प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ, घाई नाही. कीर्तनकारानं शब्द कसा टाकावा हे आम्ही आमच्या गुरूंकडून शिकलो, पण जोडाक्षर कसं उच्चारावं हे रेडिओच्या निवेदकांकडून शिकलो. बातम्यांच्या आधी टुक-टुक वाजायचं, त्यावर गावातली तीन-चार घड्याळं लागायची. पुढं आपल्या संभाजीनगरहून सकाळी 7 वाजून 10 मिनिटांच्या बातम्या येऊ लागल्या. त्यात जालना, अंबड, भोकरदन अशी आपल्या ओळखीची नावं यायची. रेडिओत आपल्या गावाजवळचं नाव आलं की माणूस उगीच ताठ बसायचा.

सगळंच गोड होतं असं नाही. रेडिओ सरकारचा. 26 जून 1975 च्या सकाळी इंदिरा गांधींनी रेडिओवरूनच आणीबाणी सांगितली. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षं रेडिओ एकाच बाजूनं बोलत राहिला. न शिकलेल्या माणसालाही ते कळत होतं. पारावर म्हणायचे, डबा बोलतो पण हातचं राखून बोलतो. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिराबाईंवर सकाळी गोळ्या झाडल्या. लंडनच्या बीबीसीनं त्या गेल्याचं दिवसाच सांगितलं. आपल्या आकाशवाणीनं ते संध्याकाळी सांगितलं. ज्याचा आवाज रोज ऐकायचा त्यानं अशा दिवशी गप्प राहावं, याचं लोकांना वाईट वाटलं. इतिहासात हेही लिहून ठेवलं पाहिजे.

दुपार

दुपारी बायांचा रेडिओ. वनिता मंडळ लागायचं. पुरुष शेतात, म्हाताऱ्या लवंडलेल्या, आणि सुना दाराआड डाळ निवडत ऐकायच्या. लेकराला जुलाब झाले तर साखर-मिठाचं पाणी द्यावं, दूध तोडू नये, बाळंतिणीला उपाशी ठेवू नये, असल्या गोष्टी आधी तिथून आल्या. देवीच्या रोगाचं पाहा. रोगी दाखवा आणि हजार रुपये मिळवा, असं सरकारनं 1975 साली जाहीर केलं होतं. भिंतीवर लिहिलेलं बायांना वाचता येत नव्हतं. बातम्यांत आलेलं मात्र सगळ्यांना कळलं. त्याच 1975 साली आपल्या देशातून देवीचा रोग गेला. एकट्या रेडिओनं तो घालवला असं आम्ही म्हणत नाही. लस टोचणाऱ्यांनी घालवला. पण लस टोचणारा आला तव्हा बाया लेकरं लपवून ठेवत नव्हत्या, यात रेडिओचा वाटा आहे.

त्याच्या मागच्या काळातली एक मोठी गोष्ट म्हणजे गीतरामायण. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ते सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, आणि ही कल्पना उचलून धरणारे पुणे केंद्रातले सीताकांत लाड. आठवड्याला एक नवं गाणं, असं वर्षभर, एकंदर 56 गाणी. ज्या घरात रेडिओ होता तिथं लोक डब्याला हार घालायचे, उदबत्ती लावायचे, असं आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं. एका गोष्टीसाठी सबंध मुलूख आठवडाभर वाट पाहतो, हे सप्त्याशिवाय दुसरीकडं आम्ही ऐकलेलं नाही.

संध्याकाळ

संध्याकाळी शेतकऱ्याचा रेडिओ, आणि आमच्या मते हाच त्याचा खरा सोन्याचा तास.

1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये एक प्रयोग झाला, तो जगभर गाजला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली 150 गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं मंडळ केलं. आठवड्यातून दोनदा सगळ्यांनी मिळून रेडिओ ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, मग त्यातलं काही करून पाहायचं, आणि अडलं तर रेडिओला पत्र लिहून विचारायचं. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेनं त्याला मदत केली. त्यात असं दिसलं की, नुसतं ऐकणाऱ्या गावापेक्षा मिळून ऐकून बोलणाऱ्या गावात जास्त फरक पडतो. 1959 पासून देशभर अशी मंडळं करायचं ठरलं. आपलं गाव त्या 150 मध्ये नव्हतं, कारण तव्हा आपण मुंबई राज्यातच नव्हतो, 1 नोव्हेंबर 1956 ला आलो. पण वारकऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग त्यावर चर्चा करायची आणि घरी जाऊन तसं वागायचं, हा आपला शेकडो वर्षांचा रिवाज आहे.

पुण्याच्या केंद्रात शेतकऱ्यांचे कार्यक्रम पाहायला व्यंकटेश माडगूळकर होते. स्वतः माणदेशातले, दुष्काळी मुलखातले. लिहिणारे म्हणून त्यांचं नाव मोठं, पण खेड्याच्या बोलीत खेड्याशी बोलणारा रेडिओ उभा करणं हेही त्यांचं काम लहान नाही. त्यांच्यासारख्यांमुळं रेडिओ कुणब्याला 'अरे' न म्हणता 'शेतकरी बंधूंनो' म्हणू लागला. आमच्या वडिलांना उभ्या आयुष्यात कचेरीतल्या कोणी बंधू म्हटलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सगळं गाव होतं. मिलो खायचो, सुकडी खायचो. मुकादमाच्या ट्रान्झिस्टरवर हवामान लागलं की हातोड्या थांबायच्या. पाऊस येणार म्हणाला की लोक आभाळाकडं बघायचे, नाही म्हणाला की जमिनीकडं. त्याच साली, 18 मे 1972 ला, परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं. आपल्या बदनापूरचं कडधान्याचं संशोधन केंद्र त्याच विद्यापीठाचं. बीडीएन या नावानं तुरीच्या ज्या जाती आहेत त्यातला बीडीएन म्हणजे आपलं बदनापूर. बीडीएन-711 ही पांढरी तूर आज महाराष्ट्रात लांबलांब पेरतात. तुरीला मर रोग का लागतो, तो जमिनीतून कसा येतो, त्याच शेतात वर्षानुवर्षं तूर का घेऊ नये, हे आम्ही आधी परभणीच्या रेडिओवर ऐकलं आणि मग केंद्रावर जाऊन डोळ्यांनी पाहिलं. केंद्र आपल्या शेजारी, पण तिथली गोष्ट रेडिओनं सांगेपर्यंत आपल्याला ठाऊक नव्हती. जवळच्या माणसाला जवळचं दाखवायला कधीकधी लांबून बोलावं लागतं.

मग बाजारभाव. ज्वारी, तूर, मूग, सरकी, गूळ. भाव ऐकून मोंढ्यात गेलेला शेतकरी आणि न ऐकता गेलेला शेतकरी यांच्यात फरक पडायचा. एखादा व्यापारी म्हणायचा, आज भाव पडलाय. त्यावर, 'काल संध्याकाळी रेडिओत तर असा होता,' एवढं बोलता यायचं. दरवेळी भाव वाढून मिळायचा असं नाही. पण तोंड उघडता यायचं. बोलता न येणाऱ्याला बोलतं करणं ही लहान गोष्ट नाही. 2004 पासून याच कामासाठी किसानवाणी सुरू झाली.

रात्र

दिवसा पुण्या-मुंबईचा आवाज खरखरत यायचा. रात्री तोच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. आम्हाला वाटायचं, रात्री गोंगाट नसतो म्हणून. नंतर एका मास्तरांनी सांगितलं, मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, रात्री आभाळातल्या उंच थराला आपटून लांब जाऊन खाली येतात. म्हणून रात्री श्रुतिका, नभोनाट्य, विनोद ऐकायला मंडळी जमायची. मुंबईचं 'पुन्हा प्रपंच' लागलं की शहरातल्या नवरा-बायकोची कुरबूर ऐकून खेड्यातले नवरा-बायको हसायचे.

सिनेमाची गाणी आकाशवाणीवर एक काळ जवळजवळ बंद होती. 1952 ते 1962 या काळात बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ त्या खात्याचे मंत्री होते. त्यांना शास्त्रीय संगीत वाढवायचं होतं, सिनेमाचं गाणं हलकं वाटायचं. पोरांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. बुधवारी अमीन सयानी आणि बिनाका गीतमाला. शेवटी 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली. आमचं म्हणणं एवढंच की, गोडी लावावी लागते, ती हुकमानं लागत नाही. कीर्तनकारानंही हे ध्यानात ठेवावं.

अशीच गोष्ट पेटीची. मार्च 1940 पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. कारण असं सांगत की, पेटीचे सूर ठरलेले, दोन सुरांच्या मधली जागा तिला दाखवता येत नाही. ही बंदी 1971 साली सैल झाली. आता गंमत पाहा. आपल्या फडावरची जुनी माणसंही पेटी आली की नाक मुरडायची. वीणा, टाळ, पखवाज एवढंच वारकऱ्याचं, म्हणायची. दिल्लीचे साहेब आणि आमचे विणेकरी बाबा यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. आज पेटी दोन्हीकडं सुखानं नांदते आहे.

18 मे 1988 पासून नागपूरहून राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू झाली. एक हजार किलोवॅटचं यंत्र, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत रात्रभर चालायचं. शहरातल्या माणसाला वाटेल, रात्रभर कोण ऐकतंय? आम्ही ऐकायचो. पंपाची लाईट रात्रीची. गव्हाला पाणी द्यायला बांधावर बसलेला शेतकरी, हातात बॅटरी, पायात गारठा, सापाची भीती, आणि शेजारी बारीक आवाजात रेडिओ. कधी सतार, कधी उर्दू गझल, कधी तासातासाच्या बातम्या. सगळं कळायचं असं नाही, पण कोणीतरी जागं आहे एवढं कळायचं. 2019 च्या सुरुवातीला ही सेवा बंद झाली. पंपाची रात्रीची लाईट मात्र अजून चालू आहे.

वारीत रेडिओ

दिंडीत रेडिओ आला तव्हा वाद झाला. जुनी मंडळी म्हणाली, चालताना मुखी नाम पाहिजे, कानाशी डबा कशाला? ते रास्तच होतं. मग असं ठरलं की चालताना रेडिओ बंद, मुक्कामी बातम्यांपुरता चालू. त्याचा उपयोग आम्ही पाहिला आहे. उजनीतून भीमेत पाणी सोडलं, चंद्रभागेला पूर आहे, वाळवंटात उतरू नका, हे मुक्कामावर रेडिओतून आधी कळायचं. आणि जे वारीला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी आषाढी एकादशीला पंढरपूरचा सोहळा रेडिओवर सांगायचे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं डब्याकडं तोंड करून बसायची. टाळांचा गजर ऐकू आला की हात जोडायची. दर्शन डोळ्यांचं असतं असं म्हणतात. त्यांचं कानानं व्हायचं.

आता काय उरलं

आता घराघरात टीव्ही, हाताहातात मोबाईल. जगात काय नाही मोबाईलवर? कीर्तनंसुद्धा आहेत. पण ज्याला जे आवडतं तेच त्याला परत परत मिळतं. रेडिओत तसं नव्हतं. भजनासाठी बसलेल्याला तुरीचा मर रोग ऐकावा लागायचा, बाजारभावासाठी बसलेल्याला सनई, सिनेमाच्या गाण्यासाठी बसलेल्या पोराला संस्कृतच्या बातम्या. नको असलेलं चांगलं कानावर पडायचं. माणूस असाच शिकतो. चौथी शिकलेल्या आमच्यासारख्याचं सगळं शिक्षण हे असं, दुसऱ्यासाठी लावलेल्या रेडिओतून झालं आहे.

मध्यम लहरींची जुनी यंत्रं आता देशात ठिकठिकाणी बंद होत आहेत. त्या जागी एफएम येतं आहे. त्याचा आवाज साफ असतो, पण लहर सरळ रेषेत चालते, मधी डोंगर आला की थांबते. दुधनेच्या काठावर जे लागतं ते बालाघाट चढून गेल्यावर लागेलच असं नाही. मोबाईलवर आकाशवाणी ऐकता येते, तेही खरं, पण त्याला रिचार्ज लागतो आणि टॉवर लागतो. ज्या म्हातारीकडं दोन्ही नाही तिचं काय, हे कोणीतरी विचारलं पाहिजे.

12 नोव्हेंबर 1947 ला महात्मा गांधी दिल्लीच्या रेडिओ केंद्रात गेले. उभ्या आयुष्यात एकदाच गेले. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांकडं जाता येत नव्हतं, म्हणून त्यांच्याशी बोलायला गेले. ज्याच्यापर्यंत आपले पाय पोहोचत नाहीत त्याच्यापर्यंत आवाज पोहोचवायचा, रेडिओचं काम एवढंच. आकाशवाणीचं ब्रीद 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' असं आहे. ते पाळलं जातं का, हे पाहणं बहुजनांचं काम आहे, आणि आपण बहुजन आहोत.

म्हणून दिंडीच्या तरुण मंडळींना दोन गोष्टी सांगतो. एक, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना रेडिओवर काय ऐकलं ते विचारा आणि लिहून ठेवा. बायांना आधी विचारा, त्यांचं कोणीच लिहिलेलं नाही. दोन, वारीच्या मुक्कामी अर्धा तास एक रेडिओ मधी ठेवा आणि सगळे मिळून ऐका. हवामान ऐका, बातम्या ऐका, मग त्यावर बोला. एकेकट्यानं कानात बोंडं घालून ऐकू नका. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची आहे. बोलणं, गाणं, नाचणं हे सगळं त्याच्यानंतर. आणि श्रवण चार माणसांत बसून केलेलं जास्त टिकतं, हे फडानंही दाखवलं आणि चावडीवरच्या त्या डब्यानंही.

लिहिण्यात कमी-जास्त झालं असेल ते संतसज्जनांनी गोड करून घ्यावं.

॥ राम कृष्ण हरी ॥